खुळ्या पाळण्याला दंडवत

रस्त्याच्या बाजूला उघडणारी एक छोटी खोली. आत पाळणा, पाळण्यात धुतलेले दुपटे, वर रात्रभर जळणारा दिवा. दाराला कडी आहे, कुलूप नाही. कुणी बाळ आणून ठेवले की आत घंटा वाजते. काही ठिकाणी ती मुद्दाम थोड्या उशिराने वाजवतात, बाळ ठेवणाऱ्या पायांना कोपरा ओलांडता यावा म्हणून. मग आतून एक बाई येते, बाळाला उचलते, छातीशी धरते आणि दुपटे बदलते. रस्त्यावर कोण गेले, हे ती वाकून पाहत नाही.

व्यवहार कळणाऱ्या माणसाला ही खोली दाखवली तर तो कपाळाला हात लावतो. आपल्याकडे खोली भाड्याने द्यायची तर आधार कार्डाची प्रत घेतात. देवळाबाहेर चपला ठेवल्या तरी बिल्ला मिळतो. आणि इथे तीन किलोचे जिवंत माणूस पावतीशिवाय ठेवून घेतात. शहाणी माणसे विचारतात, असे दार उघडे ठेवले तर उद्या कुणीही येऊन मूल टाकून जाणार नाही का? नाव नको, पत्ता नको, मग जबाबदारी कुणाची? ज्यांनी चूक केली त्यांना मोकळे सोडायचे आणि निस्तरायचे समाजाने?

हे सगळे खूळ आहे, असे त्यांचे म्हणणे. तो शब्द मी त्यांच्याकडून जसाच्या तसा घेते, कारण मला या खुळाची स्तुतीच करायची आहे. त्यात आडपडदा नाही. नवजात बाळ सुखरूप आणि कायद्याने दुसऱ्याच्या हाती देता यावे, यासाठी माणसांनी जे जे खुळे नियम केले, त्यांतला एकेक मला दंडवत घालावा इतका मोठा वाटतो.

पहिले खूळ: नाव न विचारणे

आपल्याच कायद्याची दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत. एका पानावर भारतीय न्याय संहितेचे कलम ९३ आहे, म्हणजे जुन्या दंड विधानातले कलम ३१७. बारा वर्षांखालचे मूल कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडले, तर आईबापाला सात वर्षांपर्यंत कैद. पुढच्याच कलमात मृत बाळाचा देह गुपचूप पुरून जन्म लपवण्याची शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत. हे पान शहाणे आहे. त्याला गुन्हा दिसतो आणि गुन्हेगार हवा असतो.

दुसरे पान बाल न्याय अधिनियम, २०१५ चे आहे. त्यातले कलम ३५ सांगते की हाताबाहेरच्या शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे ज्यांना मूल सांभाळता येत नाही, त्यांनी ते बाल कल्याण समितीपुढे आणावे. समिती विचारपूस करते, समुपदेशन होते आणि समर्पणपत्रावर सही होते. आई अविवाहित असेल तर सगळ्या समितीपुढे उभे राहण्याची गरज नाही, एका सदस्यापुढे, शक्यतो महिला सदस्यापुढे, सही करता येते. अशा मुलाची वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची नाही, असा नियम आहे. याच कायद्याच्या कलम ७५ मध्ये आणखी एक वाक्य आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. जन्मदात्यांनी मूल सोडले ते त्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे, असे दिसून आले, तर ते जाणूनबुजून सोडले नाही असेच धरायचे आणि त्या कलमाची शिक्षा लावायची नाही. आईबद्दल आधी चांगले गृहीत धरण्याचा हुकूम सरकारी कागदावर छापलेला आहे.

समितीपुढे जाण्याचेही बळ जिच्यात नसते, तिच्यासाठी पाळणा आहे. पाळण्यातल्या बाळाचा मार्ग थोडा लांबचा असतो. ते ‘सोडून दिलेले’ धरले जाते, पोलीस पालकांचा शोध घेतात, वर्तमानपत्रात सूचना येते, आणि कुणी आले नाही तर दोन महिन्यांत समिती त्याला दत्तक देण्यास मोकळे ठरवू शकते. पण त्या रात्रीपुरते पाळणा काहीही विचारत नाही.

का विचारू नये? पाळण्यापाशी कोण येते, याचा जरा विचार करावा. ओढणीखाली सात-आठ महिने पोट लपवलेली मुलगी असते. दिवस गेले आहेत हे कुणाला सांगायचे, तेच तिला कळलेले नसते. वसतिगृहाच्या न्हाणीघरात, उसाच्या फडात, कामावरच्या घराच्या मागच्या खोलीत ती एकटी बाळंत झालेली असते. ओरडू नये म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबलेला असतो. अंगातून रक्त जात असते, हात थरथरत असतात आणि डोक्यात एकच गोष्ट असते: कोणीतरी बघेल. तिच्या हातात उजाडेपर्यंतचा वेळ असतो.

त्या वेळात तिच्यापुढे जे पर्याय असतात, ते नीट पाहावेत. कचराकुंडी नाव विचारत नाही. विहीर नाव विचारत नाही. नाल्याकाठचे गवत कुणाची कोण, कुठून आलीस, याचा बाप कोण, असे काही विचारत नाही. बाळाला वाचवू पाहणाऱ्या दाराची गाठ विहिरीशी आहे. विहिरीपेक्षा एकही प्रश्न जास्त विचारला, तर त्या रात्री विहीर जिंकते. नाव न विचारण्याचे खूळ इथून आले आहे, आणि म्हणून ते मला अतिशय शहाणे वाटते.

सकाळी बातमी येते तेव्हा तिचा मजकूर आपल्याला पाठ असतो. ‘निर्दयी मातेने’ ‘स्त्री जातीचे अर्भक’ टाकले, ‘अज्ञात महिलेविरुद्ध’ गुन्हा दाखल. या तीन शब्दप्रयोगांत पुरुष कुठेच नाही. त्याला ‘अज्ञात’ म्हणण्याइतकीही जागा त्या मजकुरात नसते. पाळण्याचे खूळ निदान एवढा न्याय करते की जो प्रश्न बापाला कुणी विचारला नाही, तो आईलाही विचारत नाही.

दुसरे खूळ: गुप्त गोष्टीची जाहिरात करणे

या खुळाचा आपला मूळपुरुष पुण्याच्या जुन्या गंजात राहत होता, आणि त्याच्या शेजारी तितकीच थोर मूळस्त्री होती.

काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा ज्योतिराव फुल्यांच्या गोवंडे नावाच्या मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. पोट पाडण्याचे उपाय फसले. मूल झाले, तेव्हा तिने त्याला मारून मागच्या विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची सजा झाली. शास्त्र्याला कुणी काही विचारले नाही.

१८६३ साली ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे सांगणारे कागद त्यांनी छापले आणि पुण्यात ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या भिंतींवर चिकटवले.

हे खूळ किती मोठे, ते पाहावे. ज्या गोष्टीचा उच्चारही वाड्यात कुणी करत नाही, ती भिंतीवर चिकटवायची. जी आपल्या घरात नाही, जातीत नाही, नात्यात नाही, तिच्या बाळंतपणासाठी आपले घर उघडायचे. शहाणपण सांगत होते की अशाने अनाचार वाढेल, विधवा मोकाट सुटतील, घराचे नाव जाईल. शहाणपणाचा उपाय आधीपासून चालूच होता: केशवपन, कोंडलेली खोली, सुईणीची कडू औषधे, आणि शेवटी विहीर.

ज्योतिराव-सावित्रीबाईंना एक गोष्ट कळली होती. गुप्त राहू द्यायचे वचन उघड्यावर सांगितले, तरच ते घाबरलेल्या माणसापर्यंत पोहोचते. दार कितीही चांगले असो, ते आहे हे तिला माहीतच नसेल, तर ते दार नसल्यासारखेच.

याच जाणिवेने पंढरपुरात १८७५ साली न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असे गृह उभे राहिले आणि पुढे प्रार्थना समाजाने ते सांभाळले. तिथे यात्रेसाठी म्हणून विधवा येत, आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या यात्रेचे कारण पोटात असे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला आपले नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीबद्दल जे लिहून आले, ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून आली. मराठीतला बाईच्या बाजूचा सगळ्यात धगधगता ग्रंथ एका टाकलेल्या बाळाच्या खटल्यातून जन्मला, हे आपण विसरता कामा नये.

तिसरे खूळ: हरत असतानाही दार बंद न करणे

१८८४ साली, गृह काढून वीस वर्षे उलटल्यावर, ज्योतिरावांनी सरकारला बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांबद्दल लेखी मत कळवले. त्यात या गृहाचा हिशेब आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांतली पाच जगली. तीस गेली. पोट लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच अधू झाली होती, असे ज्योतिरावांनी लिहिले आहे.

पस्तिसांतली पाच. हिशेबी माणसाने हा आकडा पाहून गृह कधीच बंद केले असते. एवढा खर्च, एवढी बदनामी, एवढी बाळंतपणे, आणि हाती काय? सावित्रीबाईंनी ती तीस बाळे हाताळली असतील, न्हाऊ घातली असतील, गुंडाळली असतील. तरी पुढची बाई आली की पुन्हा चुलीवर पाणी ठेवले असेल. हे खूळ मला शब्दांत मांडता येत नाही. ज्याला खात्रीचा नफा दिसतो तो काम सुरू करतो, यात नवल नाही. समोर मरण दिसत असताना जो पुढच्या बाळासाठी दुपटे धुतो, त्याच्यामुळे माणसाची जात टिकली आहे.

याच गृहात काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. १८७४ साली ज्योतिराव-सावित्रीबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि यशवंत नाव ठेवले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने हडपसरजवळ माळावर दवाखाना चालवला आणि सावित्रीबाई तिथे रोग्यांना आणत राहिल्या. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. जे बाळ कुणालाच नको होते, ते ज्या रोग्यांना शिवायला कुणी तयार नव्हते त्यांच्या उशाशी जाऊन बसले. हिशेबाच्या वहीत या एका बाळाची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

खुळालाही दूध लागते

स्तुती करताना खोटे बोलू नये. असे खूळ चुकू शकते, आणि ते कसे चुकते याचा धडा लंडनमध्ये आहे.

टॉमस कोरम या जुन्या दर्यावर्दीने रस्त्याकडेला टाकलेली मुले पाहून अनेक वर्षे खेटे घातले आणि १७३९ साली राजाची सनद मिळवून लंडनचे अनाथगृह उभे केले. सुरुवातीला जागा थोडी आणि मुले फार, म्हणून आयांना चिठ्ठ्या उचलाव्या लागत. आया मुलासोबत कापडाचा तुकडा, फुटके नाणे, एखादे बटण ठेवत. कधी परत येता आले तर आपले मूल ओळखता यावे, ही त्यांची आशा होती. १७५६ साली संसदेने पैसा दिला आणि सांगितले, आता येईल ते मूल घ्या. फाटकाला टोपली टांगली, जवळ घंटा लावली. चार वर्षांत सुमारे पंधरा हजार मुले आली. त्यांतली दोन तृतीयांशांहून अधिक मेली. दूरच्या परगण्यांतून पैसे घेऊन मुले वाहून आणणारे निर्माण झाले, वाटेतच कित्येक बाळे गेली. दूध पाजायला दाया पुरल्या नाहीत. १७६० साली संसदेने हात आखडता घेतला.

शहाणे हा दाखला देऊन म्हणतात, बघा, दार उघडले की असे होते. मला त्यातून वेगळे दिसते. दार उघडल्यावर पंधरा हजार मुले आली, म्हणजे ती आधीपासून होती. टोपली टांगण्यापूर्वी ती दिसत नव्हती, एवढेच. चूक दार उघडण्यात नव्हती. दारामागे दाया, वैद्य, पैसा आणि ऊब तेवढ्या प्रमाणात नव्हती, ही चूक होती. पाळणा टांगणाऱ्याने आधी दूध मोजावे. हल्लीच्या भाषेत सांगायचे तर नोंदणी झालेली दत्तक संस्था, रात्रपाळीची परिचारिका, जवळचे बालरोगतज्ज्ञ आणि वेळेवर येणारे अनुदान हे सगळे जागेवर असावे. त्याशिवाय टांगलेला पाळणा म्हणजे रंग दिलेली विहीर.

चौथे खूळ: एका शब्दाची मर्यादा न घालणे

अमेरिकेत नवजात बाळ शिक्षेच्या भीतीशिवाय सोपवू देणारा पहिला कायदा १९९९ साली टेक्सासने केला. बायबलातल्या मोझेसला त्याच्या आईने टोपलीत घालून नदीत सोडले होते, म्हणून लोक त्याला ‘बेबी मोझेस’ कायदा म्हणतात. आपल्याला ती गोष्ट वाचताना कुंती आठवते. पेटीत घालून सोडलेला कर्ण नदीच्या कृपेने अधिरथाच्या हाती लागला आणि राधेने तो आपला मानला. इतर टोपल्यांचे काय झाले, हे कुठल्याच पुराणात नाही. हे कायदे त्या इतर टोपल्यांसाठी आहेत. २००८ पर्यंत ते अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत झाले.

शेवटच्या राज्यांत नेब्रास्का होते. तिथल्या आमदारांत किती दिवसांचे बाळ घ्यायचे यावर एकमत होईना. मग त्यांनी दिवसांची अट काढली आणि नुसते ‘मूल’ असे लिहिले. जुलै २००८ मध्ये कायदा लागू झाला. चार महिन्यांत लोकांनी छत्तीस मुले रुग्णालयांत आणून सोडली, आणि त्यांत नवजात एकही नव्हते. बहुतेक दहा-बारा वर्षांच्या पुढची होती. पत्नी वारलेल्या एका बापाने ओमाहा शहरात एकाच वेळी नऊ मुले आणून दिली. काही पालक शेजारची राज्ये ओलांडून गाडी हाकत आले. नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाचे खास अधिवेशन भरले आणि कायद्यात तीस दिवसांची मर्यादा घातली.

जगभर या कायद्याला हसले गेले. मला मात्र त्या एका सैल शब्दाबद्दल कृतज्ञता वाटते. त्या चार महिन्यांत जी मुले आली, त्यांतल्या अनेकांना गंभीर मानसिक आजार होते. आईबाप सगळी दारे ठोठावून थकले होते, आणि जे एकमेव दार नकार देत नव्हते, तिथे ते आले. कायदा करणाऱ्यांनी नवजातांसाठी दार उघडले आणि त्यातून हताश कुटुंबे आत आली. चुकीने का होईना, एका राज्याला आपल्या घराघरांतले दुःख मोजता आले.

आपल्या कलम ३५ मध्येही वयाची मर्यादा नाही. तिथेही ‘मूल’ असाच शब्द आहे. फरक एवढा की आपल्याकडे मध्ये समिती आहे, आणि तिचे पहिले काम मूल घेण्याचे नाही. आईबापाला मदत देऊन मूल त्यांच्याकडेच राहू शकते का, हे तिने आधी पाहायचे असते. कुणाला मुलाच्या औषधाचा खर्च झेपत नसतो, कुणी नवऱ्याच्या मारामुळे घर सोडलेली असते, कुणाला कामाच्या जागी मूल नेता येत नसते. यांतल्या काही जणींचा प्रश्न पाळण्याचा नसतो, पाळणाघराचा असतो. तो ओळखण्यासाठी समितीच्या खुर्चीत ऐकून घेणारी माणसे हवीत.

पाचवे खूळ: दिलेले परत देणे

सही झाली, शिक्का उठला, बाळ संस्थेत गेले. व्यवहारात इथे विषय संपतो. विकलेला माल परत घेतला जात नाही, अशी पाटी दुकानादुकानांत असते. कलम ३५ मात्र इथे दोन महिने थांबते. समर्पण करणाऱ्याला फेरविचारासाठी साठ दिवस दिलेले आहेत. तेवढ्यात दत्तकाची गाडी पुढे सरकत नाही.

दत्तकासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारे जोडपे एकीकडे आहे, नुकते जन्मलेले निरोगी बाळ दुसरीकडे, आणि मध्ये हे साठ दिवस. शहाणा माणूस म्हणेल की बाळाचे हे दिवस वाया कशाला घालवायचे? पण बाळंतपणानंतरचे दिवस ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना हे खूळ कळेल. दूध आटत नाही. अंग भरून येते, रात्री उगीच जाग येते. ज्या दिवशी सही केली, त्या दिवशी बोलत होती ती भीती. तिसऱ्या आठवड्यात आईचा भाऊ म्हणतो, आण गं, बघू काय होईल ते. तिची आजी म्हणते, लोक काय दोन दिवस बोलतील. कायदा त्या भावाची आणि त्या आजीची वाट पाहतो. एखाद्या कायद्याने माणसाचे मन बदलू शकते यावर विश्वास ठेवून तारीख पुढे ढकलावी, यापेक्षा सुंदर खूळ मला माहीत नाही.

पाळण्यावर काय लादू नये

१९९२ साली तमिळनाडूत मुख्यमंत्री जयललिता यांच्या सरकारने सेलम जिल्ह्यात पाळणा योजना सुरू केली. मुलगी झाली म्हणून जन्मताच तिला मारण्याची चाल तिथल्या काही भागांत होती. मारू नका, आम्हाला द्या, असे सरकार म्हणाले. त्यावर टीका झाली की सरकारच मुली टाकायला सोय करून देत आहे. या टीकेतले दुःख खरे आहे. पाळण्यात मुलीच येत असतील, तर दोष घराघरांतला आहे, आणि तो पाळण्याने दूर होणार नाही. त्यासाठी हुंड्याशी, वारशाशी, वंशाच्या दिव्याच्या हव्यासाशी लढावे लागेल. पण ती लढाई जिंकेपर्यंत आज रात्री जन्मलेल्या मुलीने कुठे जायचे? पाळणा तिच्यासाठी आहे.

उलट बाजूने लादलेले ओझेही मला मान्य नाही. २०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गर्भपाताच्या हक्कावर सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी ‘बेबी मोझेस’सारख्या कायद्यांचा दाखला दिला. मूल सोपवण्याची सोय आहे, तर नको असलेले मातृत्व लादले जाते असे कसे म्हणायचे, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. पाळणा नऊ महिन्यांनंतरचे दार आहे. त्या नऊ महिन्यांतली इतर दारे बंद करायला त्याचा अडसर म्हणून उपयोग करणे, हा त्याचा अपमान आहे. आपल्या देशात सुरक्षित गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. तो नीट पोहोचला, लैंगिक शिक्षण पोहोचले, तर पाळणे रिकामे राहतील. रिकामा पाळणा हेच पाळण्याचे खरे यश.

सहावे खूळ: बंद पाकीट

एक ऋण उरते, आणि ते सगळ्यात जड आहे. आईचे नाव न विचारता बाळ वाचवले. पण ते बाळ वीस वर्षांनी आरशापुढे उभे राहून विचारते, हे नाक कुणाचे? डॉक्टर विचारतात, घरात मधुमेह आहे का? त्याला द्यायला आपल्याकडे काही नसते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने शक्य तिथवर आपले आईवडील जाणून घेण्याचा हक्क मुलाला दिला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे.

जर्मनीने यावर एक तोड काढली. २०१४ पासून तिथे बाई खोट्या नावाने रुग्णालयात सुखरूप बाळंत होऊ शकते. तिचे खरे नाव एका समुपदेशक बाईला तेवढे कळते. ते पाकिटात बंद होते, त्यावर मोहोर बसते आणि पाकीट सरकारकडे जाते. मूल सोळा वर्षांचे झाले की त्याला ते मागता येते. भयभीत आईला सोळा वर्षांची सावली मिळते आणि मुलाला आपले मूळ. ज्या पाकिटात एका आईचे नाव आहे हे सरकारला ठाऊक आहे, ते सोळा वर्षे न उघडता सांभाळायचे, हेही एक खूळच. आपल्याकडे समर्पणपत्रात आईची माहिती जपली जाते, आणि मोठ्या झालेल्या दत्तक मुलाला मूळ शोधण्याची वाट नियमांनी ठेवली आहे. पण पाळण्यातल्या बाळासाठी तसे काही नसते. निदान एक कोरे पाकीट आणि पेन पाळण्याशेजारी ठेवावे, असे मला मनापासून वाटते. लिहायचे तर लिही, नाहीतर तसेच जा. लंडनच्या आया बटण ठेवून गेल्या होत्या. आपल्याकडच्या आयाही काहीतरी ठेवतील.

आणि भिंतीवरचा तो कागद पुन्हा लागला पाहिजे. मूल सांभाळता येत नसेल तर ते कायद्याने सुखरूप सोपवता येते, हे सांगणारी पाटी आपण एस.टी. स्टँडवर, कॉलेजच्या मुलींच्या खोलीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर किती वेळा वाचली आहे? एक शून्य नऊ आठ, अर्थात १०९८, हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक किती मुलींना पाठ आहे? दीडशे वर्षांपूर्वी खिशातल्या पैशाने छापलेला कागद ज्या गल्लीत पोहोचला, तिथे आज कायदा पोहोचत नसेल, तर आपण फार शहाणे झालो आहोत.

आपल्या घरांत बाळाच्या पाचवीच्या रात्री सटवाई येते, असे म्हणतात. ती कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. तिचे नाव कुणी विचारत नाही, ती कुठून आली ते शोधायला कुणी जात नाही, आणि सकाळी कागद कोराच असला तरी कुणी तक्रार करत नाही. रात्री न दिसता आलेल्या बाईने आपल्या बाळाचे भले लिहिले असेल, एवढा विश्वास ठेवून घर कामाला लागते.

पाळण्यापाशी येणारीही रात्रीच येते, न दिसता. ती बाळाला विहिरीऐवजी इथे ठेवते, म्हणजे तिने त्याच्या कपाळावर एक शब्द लिहिलेला असतो: जग. तिच्या पाठी न धावता, तिचा कागद कोरा ठेवून, आपण त्या बाळाला उचलून घ्यावे. पाणी तापत ठेवावे. दुपटे बदलावे. नाव बारशाला ठेवता येईल.